जोडीतला इलेक्ट्रॉन

चिमट्यातून स्फटिक टणकन उडाला आणि प्रयोगशाळेच्या काळ्या ठिपक्यांच्या फरशीत गडप झाला. सतत हातात चिमटा असल्यामुळे जिला सगळे चिमटाबाई म्हणत, ती सरांची विद्यार्थिनी जागच्या जागी थिजली. स्फटिक सकाळीच समोरच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी दिला होता, आणि मॅडम म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. दोघांचं घर एक, फ्रीज एक. स्फटिक मात्र ज्याचे त्याचे.

प्रश्न तसा साधा होता. पुरेसा थंड केला की या पदार्थात वीज विनाअडथळा धावते, कारण इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात. जोडीत गेलेला इलेक्ट्रॉन उष्णता वाहायच्या कामातून मात्र अंग काढून घेतो. (हे समजायला आपल्याला पुस्तक लागलं नाही, लग्न पुरलं, असं मॅडम म्हणत.) तरीही उष्णता आधीपेक्षा जास्तच वाहते, कारण वाटेत कडमडणारे सुटे इलेक्ट्रॉन उरत नाहीत आणि स्फटिकाची कंपनं तिला बिनबोभाट नेतात. त्यामुळे आलेखात उंचवटा येतो. तो दिसला की सर प्रबंधावर सही करणार होते. वर्षानुवर्षं उंचवटा काही येत नव्हता, आणि आई फोनवर "अजून शिकतेयस?" असं विचारायची थांबली होती, हे जास्त झोंबत होतं.

टेबलाखाली रांगून तिच्या गुडघ्यांची सालं निघाली. तेवढ्यात बाहेर सरांचा आवाज आला, "या मॅडम, बघाच आता!" तिनं शिसपेन्सिलीचं टोक मोडलं आणि चंदेरी लेप लावून यंत्रात चिकटवलं. नुसतं दाखवायचं, मग शोधू, असा विचार तिनं केला.

"छान बसवलाय. कर चालू," सर म्हणाले.

"आत्ता? सर, लेप ओला आहे अजून..."

"वाळतो गं! मॅडमना वेळ नाही."

मॅडम खुर्ची ओढून निवांत बसल्या होत्या.

तापमान उतरू लागलं. पडद्यावरची रेघ मुकाट सरळ चालली होती. सरांना राहवेना. त्यांनी यंत्र थंड करणाऱ्या द्रव नायट्रोजनचं भांडं उचललं.

"सर, मध्येच ओतू नका!"

"तू गप्प बस, मी तुझ्या जन्माआधीपासून ओततोय," म्हणत त्यांनी ते भसाभस ओतलं. यंत्र दचकलं आणि रेघ टुणकन वर गेली.

"उंचवटा!" सर अक्षरशः नाचले. "मॅडम, बघितलंत? आण गं प्रबंध, आत्ता सही करतो!"

त्यांनी पेन उघडलं. चिमटाबाईनं प्रबंध पुढे केला. गप्प राहिलं की सगळं संपणार होतं. आईला फोन, नोकरी, झोप. पेन कागदाला टेकणार एवढ्यात तिनं प्रबंध मागे ओढला. तिला रडूच कोसळलं.

"सर, तो क्रिस्टल नाहीये. पेन्सिलीचं टोक आहे."

मॅडम ताडकन उठल्या.

"तुला कसं कळलं?"

"म्हणजे?"

"अगं, मी पेन्सिलच दिली होती तुला. ह्यांच्या हातात खरा क्रिस्टल द्यायला मी काय वेडी आहे? म्हटलं, पेन्सिलीतनं तरी उंचवटा काढतात का बघू. काढला!"

मॅडमची पेन्सिल फरशीत हरवली आणि यंत्रात आहे ती आपली, हे चिमटाबाईनं डोळे पुसत सांगितलं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा बसावं लागलं.

"उद्यापासून माझ्या खोलीत ये," त्या शेवटी म्हणाल्या. "खरा क्रिस्टल देते. नायट्रोजन मात्र तूच ओत."

"ती माझी विद्यार्थिनी आहे!" सर गरजले.

"मग सही तुम्ही करा. आलेख आम्ही काढतो."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. उंचवटा अजून तिथेच होता, अगदी देखणा. पेनाचं टोपण लावता लावता त्यांनी चिमटाबाईला हळूच जवळ बोलावलं.

"ऐक. पेन्सिल कुठल्या कंपनीची होती गं?"