ब गटाचा बोकड

प्रबोध केरकेट्टा सरांनी गावातल्या सोळा हॉकीवाल्या पोरींचे दोन गट पाडले आणि तिथूनच त्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला. ‘अ’ गटाने सहा आठवडे खोक्यांवर उड्या मारायच्या आणि लगेच तीस मीटर सुसाट धावायचं. ‘ब’ गटाने नेहमीसारखं खेळायचं, उडी म्हणून मारायची नाही. शेवटी दोघांचं मोजमाप. उड्या आणि धावा एकत्र केल्याने पाय चपळ होतात हे आकड्यांत दिसलं, तर राउरकेलाचे क्रीडा खात्यातले साहेब सरांची कंत्राटी नोकरी पक्की करणार होते. नाही दिसलं, तर ईस्टरनंतर घरी बसायचं.

"म्हणजे आम्ही आळशी गट का?" ‘ब’ गटाची अल्फोन्सा लाक्रा फणकारली.

"तुलनेसाठी गट."

"म्हणजे आळशीच."

तिचं तोंड बंद करायला सरांनी तिच्या गटाला एक काम दिलं. इथेच त्यांना अवदसा आठवली. आदल्या रविवारी पोरींनी बोकड बक्षीस असलेली हॉकीची स्पर्धा जिंकली होती आणि तो काळा बोकड चर्चच्या आवारात बांधलेला होता. जिंकलेला बोकड सगळ्या गावाने एका पंगतीत खायचा, ही तिथली रीत. पण लगेच ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, चाळीस दिवस मटणाचं नाव काढायची सोय नाही.

"ईस्टरपर्यंत तुम्ही सांभाळा याला," सर म्हणाले. "नाहीतरी तुम्हाला वेळच वेळ आहे."

"दोर जाड घ्या," चर्चचं सगळं बघणारे मारियानुस काका म्हणाले. "त्याची नजर बरी नाही."

बोकडाने पहिल्या आठवड्यात दोन दोर खाल्ले. मोहाचा बहर होता. पहाटे फुलं टपटपली की हा गडी भिंत ओलांडून पसार, आणि मागे आठ पोरी. आधी भिंत, मग ओढा, मग काकांच्या वांग्यांच्या वाफ्याचं कुंपण. संध्याकाळी पुन्हा तेच. सर मैदानावर चर्चकडे पाठ करून ‘अ’ गटाची खोकी मांडत असायचे. त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी कुणाला विचारलं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मोजमाप झालं. ‘अ’ गटाची उडी चार बोटं वाढली. सर खूश झाले. मग ‘ब’ गटाची उडी आठ बोटं वाढलेली निघाली. सरांनी घड्याळ झटकलं, तीस मीटर धावायला लावलं. तिथेही ‘ब’ गटच पुढे.

"अल्फोन्सा, खरं सांग, चोरून उड्या मारल्यात?"

"देवाशप्पथ नाही सर. आम्ही फक्त बोकड सांभाळला."

मग सगळं बाहेर आलं. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. आकडे फिरवावेत असं मनात आलं, पण अख्ख्या गावाने तो बोकड पळताना पाहिलेला. सरांनी झक मारत खरं तेच लिहून साहेबांना पाठवलं आणि ईस्टरच्या पंगतीलाही न जाता घरात पडून राहिले.

दुपारी फोन वाजला. "केरकेट्टा," साहेब हसत होते, "वीस वर्षांत इतका खरा अहवाल माझ्याकडे आला नाही. उद्या येतो मी. तो बोकड आणि त्या पोरी पळताना दाखवा, तुमच्या नोकरीच्या कागदावर तिथंच सही करतो."

सर अनवाणीच चर्चकडे धावत सुटले. फाटकापर्यंत वळसा कोण घालणार, म्हणून भिंतीवरूनच आत उतरले.

"झकास उडी, सर," अल्फोन्सा म्हणाली.

"बोकड कुठाय?"

तिने पत्रावळ पुढे केली. "तुमच्यासाठी मागची तंगडी राखून ठेवलीय."

सर तिथेच पंगतीत बसले. रागावायला कुणी सापडेना, तेव्हा त्यांनी घास तोंडात घातला. बराच वेळ चावला. पुन्हा चावला.

"पहाटेपासून चुलीवर आहे," मारियानुस काका कुरकुरले. "तरी शिजेना. असला चिवट बोकड जन्मात पाहिला नाही."

सर चावायचे थांबले. मग तंगडी हळूच बाजूला ठेवून म्हणाले, "अल्फोन्सा, हे झाकून ठेव. उद्या साहेबांना पुरावा लागेल."