मैत्रीण हवी, शनिवारपर्यंत

"आई, तुला स्वतःला या गावात किती मैत्रिणी आहेत?"

शाळेच्या भरल्या सभागृहात भोंग्याने माइकवरून विचारलं. हिंमत असेल तर विचार, असं मैत्रिणींनी डिवचलं होतं. भोंगा हे नावही त्यांनीच ठेवलेलं, तेव्हा माघार घेणं शक्यच नव्हतं. व्यासपीठावर तिची आई होती. नव्या गावात आलेल्या मुलांनी मैत्री कशी जमवावी, यावर ती एकामागून एक गोष्टींची पुस्तकं लिहायची.

"पुष्कळ," आई म्हणाली.

तिथेच घोळ झाला. मुख्याध्यापिकाबाईंना भरून आलं. शनिवारच्या पालकसभेत त्यातली एखादी घेऊन या, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. खरं तर गावात आईची ओळख फक्त कुरिअरवाल्याशी होती, तीही सहीपुरती.

बाबा म्हणाले, तुझीच पुस्तकं आहेत की, उघड आणि कर. आईला ते पटलं. पहिल्या प्रकरणाप्रमाणे ती जिन्यात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसली. वरच्या मजल्यावरच्या काकू लांबूनच म्हणाल्या, आमचा विमा काढून झालाय. दुसऱ्या प्रकरणात नायिका खाऊ वाटते. आई शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे केक घेऊन गेली. त्यांनी तो ठेवून घेतला आणि संशयाने विचारलं, गाडी आमच्या जागेत लावायचीय का?

तिसऱ्या प्रकरणात मांजराचं पिल्लू हरवतं आणि सगळी गल्ली शोधायला धावते. घरात मांजर नव्हतं, म्हणून आईने बाबांना हरवायचं ठरवलं. कोणी धावलं नाही. वॉचमन तेवढा म्हणाला, "साहेब गच्चीवर पेपर वाचतायत. बोलावू, की राहू दे?"

शुक्रवारी आईने हात टेकले. हे गावच सोडू, नव्या ठिकाणी नव्याने सुरुवात करता येते, असं म्हणाली. बाबा लगेच माळ्यावरून खोकी काढायला लागले.

इतक्या शाळा बदलल्यावर पहिल्यांदाच भोंग्याला मैत्रिणी मिळाल्या होत्या. आणि त्याही हसून किंवा खाऊ वाटून नव्हे, तर खिडकीजवळच्या जागेवरून वर्ग डोक्यावर घेऊन भांडल्यावर. ती तडक जिना चढून वर गेली आणि थोड्याच वेळात धापा टाकत परत आली.

"मी ठरवलंय," तिने आईबाबांना सांगितलं. "आपण इथेच राहणार. काकूंचे ओले कपडे आपल्या खिडकीवर ठिबकतात, असं आई सगळीकडे सांगत फिरते, हे मी त्यांना जाऊन सांगितलंय. त्या खाली यायला निघाल्यात. आई, तू मनापासून भांड. आणि बाबा, तुम्ही अजिबात मध्ये पडायचं नाही."