दाजींनी दोरीला हात लावला

सकाळी साडेसातला वर्षाली स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवत होती आणि तिची सासू आनंदी तो न वाचताच मान डोलवत होती.

"आई, साडेधाक पेज. मोबाईल दाखवन भरवचा नाय. एक वाजता दोघांका निजवायचा."

"गो, तीन पोरां वाढवलंय मी. तेव्हा कोणी भिंतीर कागद लावलेले?"

वर्षालीने कागदाचा शेवटचा कोपरा दाबून बसवला. तिला देवगडच्या कचेरीत नोकरी लागली होती. आज ओरोसला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं आणि सोमवारपासून रोजचं सकाळी जा, संध्याकाळी ये. तिने सांगून टाकलं होतं, आजचा दिवस नीट पार पडला तर पोरं इथेच मिठबावात राहणार, नाहीतर त्यांची रवानगी रेडीला, वर्षालीच्या आईकडे. ती विहीण तीस वर्षं अंगणवाडीत होती आणि आनंदीने तीस वर्षं मासे विकले होते. रेडी म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. नातवंडं तिकडे गेली तर गणपती आणि मे महिना सोडून दिसायची नाहीत, या विचाराने आनंदीला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं. त्यात दर रविवारी विहिणीने फोन करून "पोरां मस्त रमली हां आमच्याकडे" म्हणावं, हे तर तिला मेल्यावरही सहन झालं नसतं.

"कायएक काळजी करू नको," ती ठासून म्हणाली. "सांजचा येशीत तेव्हा दोघांय न्हावन, जेवन, निजान उठलेली आसतली."

आनंदीचा मुलगा सुदेश बायकोला घेऊन मोटरसायकलवरून गेला आणि घरात आनंदी, तिचे यजमान दाजी, चार वर्षांचा कौस्तुभ आणि दीड वर्षाची संचिता एवढी मंडळी उरली. साडेदहा वाजेपर्यंत सगळं झकास चाललं. मग पेज आली.

"फोन लाव," कौस्तुभ म्हणाला.

"फोन नाय. आवशीन सांगल्यान हा."

"आई लावता. ती कोणाक सांगणा नाय."

"मी लावचंय नाय."

"मगे माका पेज नको." एवढं बोलून त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. संचिताने मात्र पेज घेतली, पण डोक्यावर. दोघांना पुसून काढेपर्यंत बारा वाजले. आनंदीने भात कालवून आणला, तर तोही परत गेला. बाजारात भल्याभल्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात सकाळचा बांगडा संध्याकाळी घालणारी बाई ती, पण या पोराच्या गळी एक घास उतरवता येईना.

एक वाजता तिने दोघांना चटईवर आडवं केलं आणि थोपटायला बसली. अंगाई म्हणायला तोंड उघडलं, पण ओळच आठवेना. जे आठवलं ते सगळं बाजारातलंच निघालं. मग तिने तेच हलक्या आवाजात म्हटलं, "ताजी तारली घेवा, फडफडीत तारली..." संचिता टुणकन उठून टाळ्या वाजवू लागली.

"अवो," आनंदीने पडवीत बसलेल्या दाजींना हाक मारली, "आपलो सुदेश ल्हान होतो तेव्हा दुपारचो कसो निजा?"

"माका काय म्हायत? मी दर्यार होतंय. तुका म्हायत."

"माका खंयचा? मी बाजारात होतंय."

मग दोघांचीही नजर एकाच वेळी वर गेली. भिंतीवर दाजींच्या आईचा हार घातलेला फोटो होता. म्हातारीने एक नाही, दोन नाही, तिन्ही पोरांना वाढवलं होतं आणि त्याबद्दल एका अक्षराने कधी बोलली नव्हती. आनंदीला एकदम भरून आलं. जिवंतपणी सासूला तिने कधी "दमलास काय" एवढंही विचारलं नव्हतं.

"ह्या कोणाक सांगू नकात," ती डोळे पुसत म्हणाली. "पोरां रेडीक जावची नायत म्हणजे नायत. तुमी कौस्तुभाक जरा भायर फिरवन हाडा. दमलो काय निजात. तवसर मी हिका बघतंय."

"धा मिन्टात येतंय," दाजी म्हणाले.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. त्याचं असं झालं की किनाऱ्यावर रापण ओढत होते. अर्धगोल टाकलेलं लांबलचक जाळं दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्याकडे खेचत होती. आता रापणीचा नियम असा, की दोरीला जो हात लावील त्याला माशांचा वाटा मिळतो, पण एकदा लावलेला हात जाळं वाळूला टेकेपर्यंत सोडायचा नाही. दाजींनी होडी विकल्याला दोन वर्षं झाली होती. पण हाताला ते कोण सांगणार? नातवाशी बोलता बोलता हात दोरीवर गेला.

तेवढ्यात कौस्तुभ पाण्याच्या दिशेने धावत सुटला. दाजींची पंचाईत झाली. दोरी सोडावी तर चाळीस माणसांच्या शिव्या, न सोडावी तर नातू समुद्रात. त्यांनी पाय लांब करून त्याला अडवलं, खांद्यावरचा पंचा काढला आणि एका हाताने त्याला स्वतःच्या कमरेला बांधून टाकलं. गाठ होडीची मारली. मग कौस्तुभनेही दोरी धरली.

संचिताला काखेत घेऊन आनंदी शोधत आली, तेव्हा आजोबा आणि नातू एका पंच्यात जोरजोरात ओढत होते.

"अवो! पोराक बांधून ठेवलास?"

"हात दोरीक आसा गो, सोडतलंय कसो? तूच सोडय ती गाठ."

एका हाताने ती गाठ सुटण्यातली नव्हती. आनंदीने संचिताला शेजारच्या एका रिकाम्या, स्वच्छ मासळीच्या पाटीत बसवलं आणि दोन्ही हात गाठीला घातले. एवढ्यात पुढून रापणीचा म्होरक्या, तांडेल, ओरडला, "आनंदीवयनी, बघतंस काय? हात लाव, दोर मागे जाता!"

हा हुकूम अंगात इतका मुरलेला होता की तिचे दोन्ही हात गाठ सोडून दोरीवर गेले. मग चूक लक्षात आली, पण आता नियम म्हणजे नियम. ती दात-ओठ खाऊन ओढू लागली. एक डोळा पाटीवर, एक डोळा नातवावर. जाळं लवकर आलं तर घर, घर आलं तर झोप, झोप झाली तर रेडी टळेल. त्या दिवशी तिच्याइतक्या नेटाने कोणीच रापण ओढली नसेल.

जाळं लागलं तेव्हा अडीच वाजले होते. तांडेलाने कौस्तुभला आपल्या डब्यातली भाकरी दिली. ती त्याने कालवणात बुडवून मुकाट्याने संपवली, अर्धी आणखी मागितली आणि जाळ्याच्या ढिगावर कलंडला, तो गाढ झोपला. दाजींना त्याच्या शेजारीच बसावं लागलं, कारण गाठ अजून सुटली नव्हती. संचिताही पाटीतच झोपली होती, जाळ्यातून उडून आलेली एक तारली मुठीत घट्ट धरून.

"आई."

आनंदीने मागे वळून पाहिलं. प्रशिक्षण लवकर संपलं होतं. घर सताड उघडं, आत कोणी नाही, म्हणून वर्षाली पर्स सावरत वाळूतून आली होती. तिची नजर पंच्यावरून पाटीकडे गेली आणि पाटीतल्या तारलीवर थांबली.

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आनंदीने वाळूचे हात पदराला पुसले.

"बाय, खरा सांगतंय. माका पोरां सांभाळूची म्हायती नाय. आमची तिनय सासून वाढवली. मी उगाच मोठेपणा केलंय." तिने संचिताची पाटी सुनेपुढे सरकवली. "तुझी आवस शिकलेली. ने पोरांका रेडीक. फकत मधी मधी दाखवक हाड."

वर्षाली खाली बसली. तिने हळूच संचिताच्या मुठीतली तारली काढायचा प्रयत्न केला, पण मूठ उघडेना.

"आई, रेडीक मी पयल्यांदाच इचारलेलंय. पंधरा दिवस झाले."

"मगे?"

"माझी आई माका म्हणाली, 'वीस पोरां असतली तर धाड. दोन माका झेपाची नायत.'"

"म्हणजे?"

"म्हणजे रेडीचा कायच नव्हता. तुमचा मन लागाचा म्हणान मी तसा बोललंय."

तीस वर्षं गिऱ्हाइकांना गुंडाळणारी आनंदी आज पहिल्यांदाच गुंडाळली गेली होती, तीही घरच्याच सुनेकडून. राग यायला हवा होता, पण आलं ते हसू, आणि त्यामागून डोळ्यांत पाणी.

"म्हणजे सोमवारी पण आमीच?"

"सोमवारी, मंगळवारी... रोज. आणि माझ्याकडे हो कौस्तुभ दुपारचो कधीच निजणा नाय. तुमी केलास तरी काय?"

आनंदीने पदर खोचला आणि नवऱ्याकडे वळली.

"अवो, सोमवारी रापण खंय वडतत, ता तांडेलाक इचारून ठेवा."