ओलीचा शेवटचा सीन

रविवारी सकाळी अद्वयने मालनमावशीच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्याच्या हातातला लाइटचा स्टँड निसटून पायावर पडला. समोरची भिंत कोरी करकरीत होती. ओल गेली होती.

आता डोंबिवलीत कुणाच्या घरातली ओल गेली तर माणसं पेढे वाटतील. पण अद्वयच्या सिनेमात त्या ओलीला नायिकेइतकंच काम होतं. एकटी राहणारी एक बाई, तिच्या भिंतीवर हळूहळू पसरणारा डाग, आणि बाई त्या डागाशी बोलायला लागते, एवढीच काय ती गोष्ट. आठवडाभर ठाण्याच्या ऑफिसात मान मोडायची आणि रविवारी मावशीकडे येऊन शूटिंग करायचं, असं त्याचं वर्षभर चाललं होतं. आता एकच सीन उरलेला. बाई डागावर गाल टेकते आणि सिनेमा संपतो. बाईचं काम करणारी शिवानी उद्या सीरियलसाठी कोल्हापूरला निघणार होती, तिथे तिचे केसही कापणार होते. म्हणजे आजचा दिवस गेला की वर्षभराचा सिनेमा पाण्यात.

"मावशी, मी तुला सांगितलेलं ना, घरातलं काही बदलू नको म्हणून?"

"काय बदललंय सांग. सोफा तोच, पडदे तेच. रंगसुद्धा तोच पिस्ता दिला, दुकानात जुना पोपडा नेऊन दाखवला मी." मावशीला खरंच वाईट वाटलं होतं. "अरे, चार लोक बघणार तुझा सिनेमा. मालनच्या घराला ओल आहे हे सगळ्यांना कशाला दाखवायचं?"

नुसता रंग नव्हे, तिने चांगला माणूस बोलावून भिंतीला वॉटरप्रूफिंगही करून घेतलं होतं. कॅमेरामन सूरजने चहाच्या पाण्याचे हबके मारून डाग पाडायचा प्रयत्न केला, पण त्या नव्या भिंतीवर चहा टिकेना. सगळा ओघळून खाली फरशीवर आला आणि मावशीने तो बोलत बोलत पुसला. मग अद्वय बिल्डिंगभर दारं वाजवत फिरला. ज्या सोसायटीत निम्मे लोक फ्लॅट विकायच्या विचारात असतात, तिथे "तुमच्याकडे ओल आहे का हो?" असं विचारणं म्हणजे लग्नाच्या मुलीच्या घरी जाऊन कुणाला फिट्स येतात का विचारण्यासारखं आहे. लोकांनी तोंडावर दारं लावली.

उरले वरच्या मजल्यावरचे लिओनार्ड अंकल. तिथे जायचं म्हणजे आगीत हात घालणं. भिंतीतलं पाणी लिओनार्डच्या बाथरूममधून येतं असं मावशी कित्येक वर्षं सांगत आली होती, आणि ते बाहेरच्या पाइपातून येतं असं लिओनार्ड. मावशीच्या भिंतीला भिंत लागून राहणारे सेक्रेटरी विठ्ठलराव लिओनार्डबरोबर रोज संध्याकाळी पत्ते खेळायचे, त्यामुळे प्रत्येक मीटिंगमध्ये निकाल पाइपाच्या विरुद्ध लागायचा. मावशीने दोघांशीही बोलणं टाकलं होतं.

अद्वय हात जोडूनच वर गेला. सिनेमासाठी तुमच्या बाथरूममध्ये जरा पाणी ओतू का, असं कसंबसं पुटपुटला. अंकल संतापतील असं त्याला वाटलेलं, पण त्यांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"जरा कशाला? हवं तेवढं ओत. आज होऊनच जाऊ दे. एक थेंब जरी मालनच्या भिंतीत उतरला ना, तर मी लिओनार्ड नाव लावणार नाही."

त्यांनी स्वतः मोरीच्या तोंडात बोळा कोंबला आणि नळ सोडला. इकडे खाली सगळे भिंतीकडे डोळे लावून बसले. मावशीची तर पंचाईतच झाली. डाग आला तर इतक्या वर्षांचं भांडण ती जिंकणार होती, पण नवा रंग जाणार होता. त्यामुळे ती एकदा "आली का रे ओल?" म्हणायची आणि लगेच देवाकडे बघून "नको रे बाबा" म्हणायची. शिवानी मेकअप करून ताटकळली होती आणि तिला सीरियलवाल्यांचे फोनवर फोन येत होते. अद्वय हॉलमधून किचनमध्ये आणि किचनमधून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता, मध्येच भिंतीला कान लावत होता. वरून लिओनार्ड खिडकीतून वाकून विचारत, "आला का थेंब?" आणि नाही म्हटलं की खूश होऊन आणखी पाणी सोडत.

ऊन कलायला लागलं. भिंत ठणठणीत कोरडी. अद्वयने सूरजला सामान आवरायला सांगितलं आणि तो सोफ्यावर डोकं धरून बसला. त्याला आता खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात विठ्ठलराव, घामाघूम.

"अरे, काय चालवलंय तुम्ही?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "माझ्या हॉलच्या भिंतीवर पाणी फुटलंय. आणि आत कल्याणची पार्टी फ्लॅट बघायला आलीये."

वॉटरप्रूफिंगवाल्याने मावशीची बाजू इतकी चोख बंद केली होती की पाण्याने मुकाट्याने पलीकडचा रस्ता धरला होता. अद्वय पुढचं ऐकायला थांबलाच नाही. तो तसाच अनवाणी विठ्ठलरावांच्या घरात घुसला. सगळ्या बिल्डिंगने मिळून कल्याणहून होलसेलमध्ये आणलेला तोच पिस्ता रंग, आणि त्यावर शोकेसच्या शेजारी पसरत चाललेला डाग. मावशीकडच्या जुन्या डागापेक्षाही देखणा.

"अशी ओल नशिबाने मिळते," अद्वय मोठ्याने बोलून गेला.

पार्टीने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे?"

विठ्ठलराव उगाच एवढी वर्षं सेक्रेटरी नव्हते. "काही नाही हो, शूटिंग आहे," ते हसून म्हणाले. "खोटी ओल आहे ती. वर आमचे लिओनार्ड म्हणून आहेत, ते करतात असली आर्टची कामं."

पार्टीने बोट लावून पाहिलं, बोट ओलं झालं, आणि कलाकारी फार आवडल्याचं त्यांनी सांगितलं. आता शूटिंग करू देण्याशिवाय विठ्ठलरावांना गत्यंतर नव्हतं. त्यांनी स्वतः शोकेस सरकवलं. पार्टीने हौसेने शिवानीच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला. शिवानीने भिंतीला गाल टेकला, गारव्याने ती शहारली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अद्वय कट म्हणायचंच विसरला.

पुढे पार्टी पुन्हा फिरकली नाही, कारण ती खोटी ओल काही केल्या वाळेना. विठ्ठलरावांना बोलायची सोय नव्हती, लिओनार्डच्या बाथरूमचं पाणी गळत नाही हा निकाल त्यांचाच. लिओनार्ड तर जिंकल्याच्या थाटात होते. मालनच्या भिंतीत थेंब उतरला का? नाही ना? मग विठ्ठलच्या घरातलं पाणी पाइपाचं.

सिनेमा ठाण्याच्या एका छोट्या महोत्सवात लागला. अद्वयने उपकाराची फेड म्हणून पडद्यावर "कलादिग्दर्शन: लिओनार्ड" असं लिहिलं होतं, आणि सिनेमाला नेमकं तेवढंच बक्षीस मिळालं. लिओनार्ड मुलीच्या लग्नातला सूट घालून स्टेजवर गेले. खाली एका रांगेत मावशी, अद्वय आणि विठ्ठलराव बसले होते. परीक्षकांनी इतकी जिवंत ओल पाहिली नव्हती म्हणे. त्यांनी माइक पुढे करून विचारलं, नेमके कुठले रंग वापरलेत?

लिओनार्डनी हातातल्या ट्रॉफीकडे पाहिलं, मग खाली मावशीकडे पाहिलं. त्यांनी माइक जवळ ओढला.

"रंगबिंग काही नाही, सर," शेवटी ते म्हणाले. "पाणी होतं. माझ्याच बाथरूमचं."

हॉलभर टाळ्या पडल्या. बाकीचे थांबले तरी मालनमावशी वाजवतच होती. विठ्ठलराव मात्र अद्वयकडे झुकले आणि त्यांनी हळूच विचारलं, याचं रेकॉर्डिंग मिळेल का.