एकतीस ओरखडे

व्हर्जिल स्ट्रँडने आयुष्यात तीन निर्णय स्वतःहून घेतले. रायफलचा ब्रेक बदलण्याचा निर्णय तिसरा. (पहिले दोन बायकोने, मार्लिसने, वेळीच रद्द केले होते.)

ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवलेला, अंगठ्याएवढा भोकाभोकांचा पोलादी तुकडा. तो खांद्याचा धक्का कमी करतो आणि त्याची कसर कानांवर काढतो. रायफल सासऱ्यांची, आर्ने टॉलफसन यांची. चौऱ्याऐंशीव्या वर्षी जावयाच्या हाती देताना ते "नीट सांभाळ" एवढंच म्हणाले. आवाजाबद्दल बोलले नाहीत, कारण तो त्यांना वीस वर्षांपूर्वीच ऐकू येईनासा झाला होता. व्हर्जिल सरावाला गेला की मात्र शेजारचे लोक सामान उचलून दूर जाऊन बसत.

हरणांचा हंगाम शनिवारी उघडणार होता. आदल्या संध्याकाळी आर्ने जेवायला यायचे, रायफल मांडीवर घ्यायचे आणि तेलाच्या फडक्याने पुसायचे. हा टॉलफसनांचा दरवर्षीचा रिवाज. म्हणून बुधवारीच, मार्लिस चर्चमधल्या बायकांबरोबर बटाट्याच्या पोळ्या लाटायला गेल्यावर, व्हर्जिलने काम काढलं.

रायफल रिकामी आहे हे त्याने तीनदा तपासलं. (पोस्टात तीस वर्षं काढल्यावर एवढी सवय लागतेच.) नळी पकडायला शिकंजा नव्हता, म्हणून ती गोधडीत गुंडाळून डायनिंग टेबलाच्या दोन फळ्यांमध्ये चेपली. पाना लावला, जोर केला. टेबल सरकलं. पुन्हा जोर केला. पाना सटकला, व्हर्जिल खुर्चीवर, खुर्ची कपाटावर. चौथ्या खेपेला ब्रेक निमूटपणे सुटून आला.

आणि ब्रेकच्या अंगावर ओरखडेच ओरखडे!

पाना सटकल्यामुळे झाले, दुसरं काय! खरं तर ते ओळीने होते, सारख्या अंतरावर. आपल्या हातून इतकं नीटनेटकं काम होणं शक्य नाही, हे तरी त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे सासरे उभे राहिले. नवा ब्रेक बसवून झाल्यावर तो कानस आणि पॉलिश पेपर घेऊन जुन्यावर तुटून पडला. टोकाचा एक वाकडा ओरखडा जाता जाईना. त्याच्यावर त्याने पाऊण तास घालवला आणि तो गेला तेव्हा चक्क शीळ घातली.

शुक्रवारी आर्नेंचा अंगठा नळीच्या टोकाशी जाऊन थांबला.

"हा कुठला?"

"नवा बसवला. आवाज कमी होतो!"

"काय कमी होतं?"

"आवाज!" व्हर्जिल ओरडला.

"बोंबलतोस कशाला? जुना कुठाय?"

व्हर्जिलने तो रुमालातून काढून पुढे केला. आरशासारखा. "बघा! एक ओरखडा शिल्लक ठेवला नाही."

एवढं मात्र आर्नेंना पहिल्याच खेपेला ऐकू आलं. ते त्या गुळगुळीत पोलादावरून अंगठा फिरवत राहिले, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

मार्लिसने हातातलं भांडं खाली ठेवलं. "व्हर्जिल, आईच्या खुणा कुठं गेल्या?"

"कसल्या खुणा?"

"डॅडनी हरीण आणलं की आई एक खूण करायची. एकतीस होत्या. शेवटची वाकडी. हात थरथरायचा तिचा त्या वर्षी."

व्हर्जिलला ती शीळ आठवली. सासूबाईंना, सिग्रिडबाईंना, जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या हाताचं जे काही उरलं होतं ते त्याने परवा झाडूने गोळा करून केरात टाकलं होतं.

"मला वाटलं, माझ्याच हातून..." तो म्हणाला.

आर्ने म्हणाले, "कानस आण."

त्यांनी जुना ब्रेक फडक्यात धरला आणि त्यावर एकच खूण केली. तीही वाकडी आली.

"हे कुठलं हरीण, डॅड?" मार्लिसने विचारलं.

"हरीण नाही," आर्ने म्हणाले. "जावई. उद्या हाच बसवून जा म्हणावं."

त्याला आता चार हंगाम झाले. ब्रेकवर अजून ती एकच खूण आहे. दुसरी करायची वेळ हरणांनी येऊ दिलेली नाही.