गुरूचा फोटो

गुरूचा फोटो बायकोच्या, छायाच्या मोबाईलवर काढायचा, एवढंच मी ठरवलं होतं. तिला विचारायचं, हे मात्र ठरवलं नव्हतं.

मी बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, क्लार्क आहे. दुर्बीण ऑफिसातल्या चेतनची, दोन दिवसांसाठी आणलेली. माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात चंद्रसुद्धा इडलीसारखा येतो, म्हणून संध्याकाळी सातला टेबलावरचा छायाचा मोबाईल स्वेटरखाली घातला, खोकल्यासाठी तोंडाला मफलर गुंडाळला आणि गच्चीवर गेलो. जिन्यातला दिवा गेलेला होता.

मोबाईल दुर्बिणीला रबरबँडने बांधला. मध्येच फोन आला तर सगळं हलेल, म्हणून फ्लाइट मोड लावला. (इतकी दूरदृष्टी मी आयुष्यात प्रथमच दाखवली.) मिलच्या धुरांड्याच्या वर गुरू आला, शेजारी चार चंद्र. मी फोटो काढले आणि अर्धा तास व्हिडिओही घेतला.

पावणेआठला खाली आलो तर दारात शेजारचे रघुनाथभाऊ उभे. आत योगिता, माझी मुलगी, तिच्या मोबाईलपुढे रडवेली बसलेली.

"कथा गयथात तुम्ही?" कुठे गेला होतात, असं छायानं विचारलं. ती अहिराणीवर आली की मी आधीच अपराधी असतो.

"पप्पा, नर्स भरतीचा फॉर्म. आठला साइट बंद होते," योगिता म्हणाली. "ओटीपी मम्मीच्या नंबरवर येतो, आणि मम्मीचा मोबाईल चोरीला गेलाय."

मी स्वेटरखालून मोबाईल काढला.

"मी आत्ताच सिम बंद करवलं," रघुनाथभाऊ हळूच म्हणाले.

तीन वर्षं पोरीनं अभ्यास केला होता.

"थांबा. ईमेलवर ओटीपी मागवता येतो," योगिता म्हणाली. "मेल मम्मीच्याच मोबाईलवर उघडतो. माझं हॉटस्पॉट लावते. चार्जिंग किती आहे?"

"दोन टक्के," मी म्हणालो. (उरलेलं गुरूकडे गेलं होतं.)

छायानं चार्जर खुपसला. सात छप्पन्न. मेल येईना. सात सत्तावन्न. छाया माझ्याकडे बघत नव्हती, हे बघण्यापेक्षा वाईट होतं. सात अठ्ठावन्नला सहा आकडे आले. मी वाचायला गेलो, तर योगितानं मोबाईल हातातून ओढून घेतला. तिनं आकडे टाकले, बटण दाबलं. चाक फिरत राहिलं.

"झाला," ती म्हणाली आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

आता फोटो दाखवावा म्हणून मी पुढे सरकलो.

"पण चोर मी डोळ्यांनी पाहिला," रघुनाथभाऊ पुटपुटले. "सोसायटीच्या ग्रुपवर वर्णनही टाकलंय." त्यांनी वाचून दाखवलं: "'जिन्यात संशयित इसम. तोंडाला मफलर, डोक्याला टक्कल, पोट सुटलेलं. वय साधारण साठ. दोन पायऱ्या चढून दम खात होता.'"

मी अठ्ठेचाळीसचा आहे.

छायानं शांतपणे ऐकून घेतलं. "भाऊ, हे मला आधी वाचून दाखवायचं ना," ती म्हणाली. "मग सिम कशाला बंद केलं असतं?"