आतडं नेमकं कुणाचं?

"लेबलं नवशिक्यांना लागतात! मी नुसत्या चेहऱ्यावरून सांगते, कुठली पेशी कुणाची!" लॅबमधल्या ताई छातीठोकपणे सांगायच्या. माणसाच्या आतड्याचा तीळभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या मूलपेशी जेलीच्या थेंबात रुजवायच्या, दिवसाआड गुलाबी खाऊ घालायचा, की आठवड्याभरात आतड्याचे इवलेइवले गोळे तयार! ताईंचा हातखंडाच तो.

त्या दिवशी शिंपीकाका काकूंना घेऊन आले. पोटाच्या तपासणीत काकांनी असा तुकडा दिला होता. आता त्याचं "कसं काय चाललंय" ते बघायचं होतं. दुसरा तुकडा खुद्द लॅबप्रमुख सरांचा, निरोगी नमुना म्हणून. ताईंनी घाईघाईने गोळ्यांच्या दोन ताटल्या काढल्या, सवयीने स्पिरिटने खसाखसा पुसल्या, आणि मार्करने लिहिलेले आकडे गेले की फडक्यावर!

मायक्रोस्कोपखाली एकीत गुबगुबीत गोळे, दुसरीत काळपट चुरा. दुखरं पोट काकांचं, म्हणून ताईंनी बेधडक चुऱ्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे ह्यांचं आतडं... गेलं?" काकूंचा आवाज चिरकला.

"अहो, मी आत्ताच जेवून आलोय!" काका पोट चाचपू लागले.

"नाही नाही, चुकलं! तुमचे हे गुबगुबीत!"

नेमके तेव्हाच सर दारात. "मग चुरा माझा?" ते मटकन स्टुलावर बसले. "तरीच सकाळपासून पोटात ढवळतंय!"

"सर, ताटलीतलं मेलं म्हणून पोटातलं मरत नाही!"

"मीच शिकवलंय ते तुला!" म्हणत सरांनी डॉक्टरांना फोन लावला.

काकांना राहवेना. "हवं तर माझ्यातले थोडे घ्या, सर. संकोच करू नका!"

शेवटी पेशी डीएनए तपासणीला गेल्या. चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार, या धास्तीने ताईंची चार दिवस झोप उडाली.

अहवाल आला. दोन्ही ताटल्या सरांच्याच! एकीला खाऊ, दुसरी मुद्दाम उपाशी, हा सरांचाच प्रयोग, घाबरण्याच्या भरात ते साफ विसरलेला. ताईंनी चुकीच्या फळीवर हात घातला होता. काकांची ताटली खालच्या फळीवर ठणठणीत!

ताईंनी लगेच फोन केला. "काकू, काकांच्या पेशी मजेत आहेत! त्या दोन्ही ताटल्या सरांच्या होत्या."



"अगं बाई! म्हणजे सरांच्या आतड्यापायी मी ह्यांना चार दिवस नुसत्या मऊ भातावर ठेवलं?"

ताईंनी हळूच सांगून टाकलं.

"सरांनीही तेच खाल्लं, काकू..."